सीडीवरून गाणी उतरवताना टकटक येते, दोनदा उतरवलं तरी जुळत नाही: कुठून तपासायला घ्यायचं

"ताई, गाणं मधीच टक-टक करलालंय बघा."

माझ्याकडे सीडी घेऊन येणाऱ्यांचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं. सीडी प्लेअरवर बरी वाजते, पण संगणकावर उतरवलेल्या फाइलमध्ये खोट निघते. सुरुवात माझ्या घरापासूनच झाली. अप्पांच्या अभंगांच्या आणि नाट्यपदांच्या शंभरावर सीडी मी उतरवल्या, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक पुन्हा उतरवाव्या लागल्या. मग गल्लीतले लोक आले, मग भजनी मंडळं. यातल्या बऱ्याच सीडी स्थानिक गायकांच्या आहेत. त्या कुठल्याही ॲपवर नाहीत आणि पुन्हा छापल्या जाणार नाहीत. म्हणून त्या एकदाच, पण बरोबर उतरवाव्यात असं मला मनापासून वाटतं.

लक्षणं

आपलं लक्षण आधी नेमकं ओळखा. त्यावरून अर्धं काम होतं.

गाण्यात दर वेळी त्याच सेकंदाला टक किंवा चर्र असा आवाज येतो. अशा वेळी बहुधा डिस्कच खराब असते.

आवाज येतो, पण पुन्हा उतरवलं की भलत्याच जागी येतो. इथे संशय ड्राइव्हवर (संगणकाचा सीडी वाचणारा भाग), वायरवर किंवा वीजपुरवठ्यावर.

पहिली गाणी स्वच्छ, शेवटची दोन-तीनच खराब. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे शेवटची गाणी बाहेरच्या कडेला असतात, आणि आपली बोटं लागतात तीही तिथेच.

उतरवणाऱ्या प्रोग्रॅमच्या रिपोर्टमध्ये क्वालिटी १०० टक्के दिसते, तरी त्याच गाण्याच्या दोन वाचनांचे, म्हणजे टेस्टचे आणि कॉपीचे, आकडे वेगळे. हे कॅशचं, म्हणजे ड्राइव्हनं वाचलेलं स्वतःच्या मेमरीत ठेवण्याचं, लक्षण आहे. लोक सर्वांत जास्त इथे फसतात. मीही फसले होते.

एका ड्राइव्हवर सगळं जुळतं, दुसऱ्या ड्राइव्हवर तीच डिस्क वेगळे आकडे देते. ऑफसेट, म्हणजे ड्राइव्ह थोडा पुढे-मागे वाचायला सुरू करतो तो फरक, बसवलेला नाही.

दोन ट्रॅकच्या सांध्यावर क्षणभर शांतता येते, आलाप तुटतो. हा बहुधा एमपी३चा दोष आहे, वाचनाचा नाही.

फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या आणि गाडीत काहीच वाजलं नाही. हे पहिल्याच तपासणीत सुटेल.

मुळात असं का होतं

डेटा सीडीवरचा प्रत्येक सेक्टर, म्हणजे माहितीचा एक तुकडा, २,३५२ बाइटचा असतो, पण आपल्या फाइलचे त्यात २,०४८ बाइटच असतात. उरलेल्या जागेत त्या सेक्टरचा पत्ता आणि चुका दुरुस्त करायची जादा माहिती असते. म्हणून वर्ड फाइल कॉपी झाली तर पूर्ण होते, नाहीतर संगणक एरर दाखवतो.

ऑडिओ सीडीचं मानक फिलिप्स आणि सोनीनं १९८० मध्ये ठरवलं, ते गाणी ऐकण्यासाठी. त्यात २,३५२ च्या २,३५२ बाइट आवाजाचे. दर सेकंदाला असे ७५ सेक्टर, आणि डाव्या-उजव्या प्रत्येक चॅनलचे ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाची मोजमापं. दुरुस्तीची एक पातळी याही सीडीत आहे. साधारण अडीच मिलिमीटर लांबीपर्यंत ट्रॅकवरची माहिती सलग गेली तरी ती भरून निघते. त्यापलीकडे गेलं की प्लेअर शेजारच्या नमुन्यांवरून अंदाजानं जागा भरतो. ऐकताना ते खपून जातं. उतरवताना मात्र तोच अंदाज कायमचा तुमच्या फाइलमध्ये बसतो, आणि संगणक काहीच बोलत नाही.

म्हणजे "कॉपी झाली" याला ऑडिओ सीडीच्या बाबतीत पुरावा म्हणून किंमत नाही. पुरावा वेगळा उभा करावा लागतो. खालच्या सगळ्या तपासण्या त्यासाठीच आहेत. क्रम फुकटाकडून खर्चाकडे ठेवला आहे. तो मोडू नका. नाहीतर ड्राइव्ह बदलल्यावर कळतं की डिस्कवर तेलकट बोट होतं.

१. ही ऑडिओ सीडीच आहे ना?

डिस्क संगणकात घालून उघडा. ट्रॅक०१ डॉट सीडीए, ट्रॅक०२ डॉट सीडीए अशा फाइली दिसल्या तर ऑडिओ सीडी. या फाइली जेमतेम ४४ बाइटच्या असतात. त्यात गाणं नसतं, गाणं डिस्कवर कुठे सुरू होतं याची खूण असते. आमच्या सोलापूरच्या साखर पेठेतल्या एका मामांनी अशा सगळ्या खुणा पेनड्राइव्हवर भरून मूळ सीडी देऊन टाकल्या होत्या. नशिबानं त्या नातलगाकडेच होत्या, परत मिळाल्या.

डॉट एमपी३ नावाच्या फाइली दिसल्या तर ती एमपी३ सीडी आहे. गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर स्टॉलवर मिळायच्या त्या "एकाच सीडीत १०० गाणी" वाल्या बहुतेक अशाच. त्यांना ही सगळी उठाठेव लागत नाही, साधी कॉपी पुरते. त्यात टकटक असेल तर ती फाइल बनवतानाच शिरलेली असते, कोणताही ड्राइव्ह ती काढू शकत नाही.

२. डिस्क उजेडात धरा

खालची बाजू ट्यूबलाइटखाली तिरपी धरून बघा. बोटांचे ठसे, धूळ, तंतू दिसतील. आपल्याकडे ज्यांच्या घराला लागून कापडाच्या मागांचा कारखाना आहे, त्यांच्या डिस्कवर आणि ड्राइव्हमध्ये मागाची बारीक रुई हमखास सापडते. मागाच्या शेजारी ठेवलेल्या संगणकाचा ट्रे उघडला की कडेला पांढरी लव दिसते.

पुसायला चष्म्याचं मायक्रोफायबर कापड घ्या. टॉवेल नको, सोलापूरचा असला तरी नको, त्याचे तंतू सुटतात. मधल्या भोकाकडून सरळ बाहेरच्या कडेकडे पुसा, गोल फिरवून नाही. कारण पुसताना चरा पडलाच तर तो ट्रॅकला आडवा जातो आणि प्रत्येक फेऱ्यात थोडीच माहिती खातो. गोल चरा ट्रॅकच्या दिशेनं पडतो आणि सलग माहिती नेतो, आणि सलग गेलेलंच भरून काढणं अवघड असतं.

तेलकट डाग गेला नाही तर भांड्याच्या पातळ साबणाचा एक थेंब आणि पाणी. शेवटचं विसळणं फिल्टरच्या पाण्यानं करा. बोअरचं पाणी वाळलं की क्षारांचे पांढरे ठिपके राहतात आणि पुन्हा तीच कटकट. टूथपेस्ट लावू नका. तिनं चरा झाकल्यासारखा वाटतो, पण नवे बारीक चरे शंभर पडतात.

आता डिस्क उलटी करा. छापलेली बाजू जास्त नाजूक आहे हे बहुतेकांना माहीत नसतं. खाली जाड पॉलिकार्बोनेट असतं, पण चकाकणारा थर वरच्या छापाच्या लगेच खाली असतो आणि त्यावर फक्त लाखेचा पातळ लेप. वरून खरवडलं की माहितीच निघून जाते. डिस्क बल्बसमोर धरा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथला थर गेलेला आहे. एखाद-दुसरा ठिपका चालून जातो, चाळणी झाली असेल तर अपेक्षा कमी ठेवा.

घरी किंवा स्टुडिओत भरलेल्या सीडी-आर डिस्कची गत वेगळी. त्यात माहिती रंगाच्या थरात असते आणि ऊन-उष्णतेनं तो रंग फिका पडतो. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत कपाटावर ठेवलेल्या अशा डिस्क मी मेलेल्या बघितल्या आहेत. तुमच्याकडे छापील सीडी आणि सीडी-आर दोन्ही असतील तर आधी सीडी-आर उतरवा.

३. पोर्ट, वायर, वीज

यूएसबीच्या बाहेरच्या ड्राइव्हला ही तपासणी पहिल्यांदा लावा. यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिॲम्पिअर देतो, यूएसबी ३.० पोर्ट ९००. मोटर वेग घेताना ड्राइव्हला याहून जास्त लागू शकतं. वीज कमी पडली की ड्राइव्ह फिरतो, थांबतो, पुन्हा फिरतो, आणि तुम्हाला टकटक दर वेळी नव्या जागी सापडते.

कॅबिनेटच्या पुढचा पोर्ट सोडून मागचा, थेट मदरबोर्डवरचा वापरा. मधला हब काढा, लांब वायर काढा. दोन तोंडांची यूएसबी वायर असेल तर दोन्ही तोंडं लावा. आतला ड्राइव्ह असेल तर संगणक बंद करून, प्लग काढून, साटा वायर दोन्हीकडून काढून पुन्हा घट्ट बसवा. मी वेगळ्या जागी येणाऱ्या टकटकीच्या तक्रारीत दुसरं काहीही करण्याआधी हेच करते, आणि बऱ्याचदा काम तिथेच संपतं.

४. कशानं उतरवता?

गाणी ऐकायच्या साध्या प्रोग्रॅमनं उतरवत असाल तर तो बहुधा एकदाच वाचतो आणि जे आलं ते लिहितो. जर्मनीच्या आन्द्रे वीथॉफ यांनी लिहिलेला एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी, म्हणजे ईएसी, हा विंडोजवरचा प्रोग्रॅम घरगुती वापराला मोफत आहे आणि मी तोच वापरते. मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर. पुढच्या पायऱ्या मी ईएसीच्या भाषेत सांगते, तत्त्व सगळीकडे तेच.

ईएसीच्या सिक्युअर मोडमध्ये प्रत्येक सेक्टर किमान दोनदा वाचला जातो. दोन्ही वाचनं जुळली नाहीत तर तो १६ वेळा वाचून बघतो आणि त्यातली ८ सारखी आली तर ते उत्तर धरतो. एरर रिकव्हरी क्वालिटी हाय ठेवली तर अशा पाच फेऱ्या होतात, म्हणजे एका हट्टी जागेसाठी ८२ वाचनं. म्हणून खराब डिस्कला तास-तास लागतो. लागू द्या.

बर्स्ट मोड, म्हणजे एकदाच वेगात वाचायचा पर्याय, निवडलेला असेल तर यातलं काहीच होत नाही. एफ१० दाबून ड्राइव्ह ऑप्शन्स उघडा आणि सिक्युअर मोडवर खूण आहे याची खात्री करा.

५. कॅश, सी२ आणि ॲक्युरेट स्ट्रीम

त्याच खिडकीत तीन चौकोन आहेत. सगळं यश-अपयश इथे आहे, म्हणून सावकाश वाचा.

सर्वांत महत्त्वाचा चौकोन म्हणजे "ड्राइव्ह कॅशेस ऑडिओ डेटा". बहुतेक ड्राइव्ह नुकतंच वाचलेलं स्वतःच्या मेमरीत ठेवतात. दोन मेगाबाइटची मेमरी असेल तर त्यात साधारण १२ सेकंदांचं गाणं मावतं. आता ईएसीनं तोच सेक्टर दुसऱ्यांदा मागितला, तर ड्राइव्ह डिस्ककडे न जाता मेमरीतलंच उत्तर पुन्हा देतो. दोन्ही उत्तरं अर्थातच जुळतात. पुस्तक समोर उघडं ठेवून पाढे म्हणून घेतल्यासारखं ते आहे. मूल दोनदा बरोबर म्हणतं, पण पाठ आहे की नाही ते कळत नाही. आणि इथे तर पुस्तकातच चूक असू शकते.

चौकोनात खूण केली की ईएसी दर पुनर्वाचनाआधी ती मेमरी रिकामी करायला लावतो. वेग पडतो, पण प्रत्येक वाचन खरंच डिस्कवरून येतं.

अप्पांच्या सीडींच्या वेळी माझी हीच खूण राहून गेली होती. रिपोर्टमध्ये सगळीकडे १०० टक्के. मी समाधानानं फाइली ठेवल्या. दिवाळीत अप्पा हेडफोन लावून ऐकत होते, एका अभंगाच्या तिसऱ्या कडव्याला त्यांनी हात वर केला. तिथे टक होतं. जुना रिपोर्ट काढून बघितला तर टेस्टचा आकडा एक, कॉपीचा दुसरा. पूर्ण ट्रॅक मेमरीत मावत नाही, त्यामुळे संपूर्ण ट्रॅकच्या दोन वाचनांत फरक उघडा पडला होता. मी फक्त टक्केवारी बघितली होती.

ड्राइव्हचे गुण ओळखायला खिडकीत एक बटण आहे, डिटेक्ट रीड फीचर्स. त्यासाठी एकही चरा नसलेली डिस्क घाला, खराब डिस्कवर ते भलतंच सांगतं. कॅशबाबत हे बटण कधीकधी "नाही" असंही चुकून सांगतं. शंका असेल तर खूण करून ठेवा. ड्राइव्ह कॅश करत नसेल तरी नुकसान फक्त वेळेचं होतं.

सी२ म्हणजे "मला इथे नीट वाचता आलं नाही" असं ड्राइव्हनं स्वतःहून सांगणं. ऐकायला छान, आणि वेगही वाढतो. पण काही ड्राइव्ह हे नीट सांगत नाहीत. ज्याच्यावर शंका आहे त्यालाच पंच नेमायचं, हे मला पटत नाही. मी सी२ बंद ठेवते.

ॲक्युरेट स्ट्रीम, म्हणजे सलग वाचताना जागा न चुकणं, आजच्या जवळपास प्रत्येक ड्राइव्हमध्ये असतं. खूण करा आणि पुढे चला.

६. ऑफसेट

ऑडिओ सेक्टरमधले सगळे बाइट आवाजाचेच असल्यानं त्यावर स्वतःचा नेमका पत्ता नसतो. जागा शेजारच्या एका वेगळ्या संकेतावरून शोधावी लागते, आणि प्रत्येक मॉडेल थोडं पुढे किंवा थोडं मागे सुरू करतं. हा फरक त्या मॉडेलसाठी कायम असतो. त्यालाच रीड सँपल ऑफसेट म्हणतात. हल्लीच्या बऱ्याच डेस्कटॉप ड्राइव्हची दुरुस्ती +६ असते, पायोनिअरच्या बऱ्याच ड्राइव्हची +६६७, जुन्या प्लेक्स्टरची +३०, लॅपटॉपमधल्या मात्सुशिताच्या कित्येक ड्राइव्हची +१०२.

+६६७ म्हणजे सेकंदाचा सुमारे पासष्टावा भाग. कानाला तो कळत नाही. मग कशाला बसवायचा? कारण दोन ड्राइव्हची वाचनं तुलनेला यायची तर दोघांनी एकाच नमुन्यापासून मोजायला हवं. नाहीतर गाणं अचूक असूनही आकडे जुळणार नाहीत आणि तुम्ही विनाकारण डिस्कला दोष देत बसाल.

सगळीकडे सांगतात की ॲक्युरेटरिप चालू करा, ऑफसेट आपोआप बसेल. ते खरं आहे, पण त्यासाठी त्या डेटाबेसमध्ये असलेली डिस्क लागते. जगभरच्या लोकांनी आपापल्या ड्राइव्हवर उतरवलेल्या डिस्कच्या नोंदी तिथे आहेत. आपल्या अभंगांच्या, कन्नड वचनांच्या, तेलुगू भजनांच्या सीडी तिथे बहुधा सापडत नाहीत. दहा मराठी सीडी घालूनही ऑफसेट बसत नाही, म्हणून लोक ड्राइव्ह बिघडला असं समजतात.

उपाय दोन. ओळखीतल्या कुणाकडून खूप खपलेल्या एखाद-दोन अस्सल इंग्रजी किंवा हिंदी सीडी दिवसभरासाठी मागून आणा. डुप्लिकेट नको, ती दुसऱ्याच ड्राइव्हवर बनलेली असते आणि तिच्यात त्याचा ऑफसेट मिसळलेला असतो. ओळखीची डिस्क सापडली की प्रोग्रॅम स्वतः ऑफसेट सुचवतो. एका डिस्कवर समाधान न मानता दुसरीनं पडताळा. दुसरा उपाय म्हणजे ड्राइव्हचं मॉडेल बघून ॲक्युरेटरिपच्या यादीतून आकडा घेणं. मॉडेलचं नाव विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतं. यादीतलं नाव अक्षर न् अक्षर जुळायला हवं, एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचे ऑफसेट वेगळे असू शकतात.

आकडा ऑफसेट / स्पीड या पानावर "यूज रीड सँपल ऑफसेट करेक्शन" पुढे लिहा. खालचा कंबाइंड वाला पर्याय घेऊ नका. लीड-इन, लीड-आउटमध्ये, म्हणजे गाण्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या पट्ट्यांत, वाचायची (ओव्हररीडची) खूण करू नका. फार थोड्या ड्राइव्हना ते जमतं, बाकीचे शेवटच्या ट्रॅकवर अडकतात. त्या टोकाला जे थोडे नमुने मिळत नाहीत ते शांततेनं भरले जातात, आणि तिथे बहुधा शांतताच असते.

७. वेग आणि उष्णता

४८ एक्सचा, म्हणजे साध्या वेगाच्या ४८ पट वाचणारा, ड्राइव्ह पूर्ण वेगात मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेतो. किंचित वाकलेली किंवा कागदी लेबल चिकटवलेली डिस्क त्या वेगात थरथरते. स्पीड सिलेक्शनमधून वेग ८ एक्सच्या आसपास आणून बघा. प्रत्येक ड्राइव्ह सांगितलेला वेग पाळतोच असं नाही.

उन्हाळ्यात मी पहाटे उतरवते. तासभर सलग फिरलेला ड्राइव्ह दुपारी हाताला चटका देतो, आणि सकाळी स्वच्छ निघालेली डिस्क दुपारी चुका दाखवते. एफ९ च्या ईएसी ऑप्शन्समध्ये इतकी मिनिटं काम, मग इतकी मिनिटं विश्रांती अशी सोय आहे. मे महिन्यात ती लावून ठेवा.

८. पुरावा कसा वाचायचा

आता "टेस्ट अँड कॉपी" निवडून उतरवा. प्रत्येक गाणं दोनदा पूर्ण वाचलं जातं आणि दोन्हींचा सीआरसी, म्हणजे आवाजाचा आकडी ठसा, रिपोर्टमध्ये येतो. दोन ठसे सारखे तर गाणं घेतलं असं धरा. वेगळे तर ते गाणं पुन्हा.

क्वालिटी ९९.८ टक्के आली म्हणून घाबरू नका. काही जागा पुन्हा वाचाव्या लागल्या इतकाच त्याचा अर्थ. ठसे सारखे असतील तर काम झालं. "सस्पिशस पोझिशन" असं लिहून वेळ दिलेली असेल तर मात्र त्या सेकंदाला हेडफोन लावून ऐका. तिथे ईएसीला आठ सारखी उत्तरं मिळालेली नाहीत.

"ॲक्युरेटरिपमध्ये नोंद नाही" ही चूक नाही. आपल्या सीडींना ते दिसणारच.

सांध्यावर शांतता येत असेल तर फाइल फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीच न गमावणाऱ्या प्रकारात, करा. एमपी३ करताना गाण्याच्या सुरुवातीला आणि शेवटी रिकामे नमुने जोडले जातात. विलंबित संपून द्रुत सुरू होतानाच ट्रॅक बदलला असेल, तर तिथे कानाला ठेच लागते. ईएसीमधला सुरुवातीची आणि शेवटची शांतता काढून टाकायचा पर्याय, तसंच आवाजाची पातळी बदलणारा नॉर्मलाइज, दोन्ही बंद असू द्या. रिपोर्टची फाइल गाण्यांच्या फोल्डरमध्येच ठेवा. पाच वर्षांनी शंका आली तर तीच उपयोगी पडते.

९. दुसरा ड्राइव्ह

सगळं करूनही एखादं गाणं जुळत नसेल, किंवा जुळूनही टक ऐकू येत असेल, तर दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह शेजाऱ्याकडून मागा. एक ड्राइव्ह एकाच जागी दर वेळी तीच चूक करू शकतो, तेव्हा त्याचे दोन ठसे जुळतात आणि तरी गाणं चुकलेलं असतं. डेटाबेसमध्ये नसलेल्या डिस्कला बाहेरचा साक्षीदार हा एवढाच. त्या ड्राइव्हचा ऑफसेट त्याचा त्याला बसवा, मग ठसे ताडा. दोन वेगळ्या ड्राइव्हवर तोच ठसा आला तर मला पूर्ण विश्वास वाटतो. तरीही टक असेल तर ते मुळात छपाईत किंवा ध्वनिमुद्रणातच आहे, आणि ते तसंच जतन करायचं.

एका भजनी मंडळाच्या सीडीतल्या पाच नंबरच्या गाण्यानं मला आठवडाभर छळलं. माझ्या दोन्ही ड्राइव्हवर ठसा जुळेना. मंडळातल्या अण्णांनी मुलाच्या जुन्या संगणकातला ड्राइव्ह काढून आणला. त्यावर पहिल्याच फेरीत दोन्ही ठसे सारखे निघाले. नवा ड्राइव्ह वाचनात चांगलाच असेल असं नाही, म्हणून जुना संगणक भंगारात देण्याआधी त्याचा ड्राइव्ह काढून ठेवा.

१०. लेन्स

डीव्हीडी उत्तम चालते पण सीडी अडखळते, असं झालं तर गोंधळू नका. सीडीला ७८० नॅनोमीटरचा लेसर लागतो, डीव्हीडीला ६५०चा, आणि बहुतेक ड्राइव्हमध्ये दोन वेगळे लेसर असतात. एक थकला तरी दुसरा चालू राहतो.

लॅपटॉपच्या किंवा यूएसबीच्या सपाट ड्राइव्हमध्ये लेन्स ट्रेवरच उघडी दिसते. ड्राइव्हची वायर काढा, हवेच्या फुग्यानं रुई उडवा. तोंडानं फुंकू नका, थुंकीचे कण बसतात. नाहीच जमलं तर कानाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल किंचित लावून, वजन न देता एकदा गोल फिरवा. लेन्स केसाएवढ्या तारांवर तरंगत असते, दाबली की संपली. ब्रश लावलेल्या क्लीनर डिस्क मी वापरत नाही, त्या जोरात फिरणाऱ्या ड्राइव्हमध्ये लेन्सला मार देऊ शकतात.

इथे थांबा

डेस्कटॉपचा बंद ड्राइव्ह स्क्रू काढून उघडू नका आणि उघडा ड्राइव्ह वीज देऊन बघू नका. ७८० नॅनोमीटरचा किरण डोळ्याला जवळपास दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या किरणापुढे पापणी आपोआप मिटत नाही. लेसरची ताकद वाढवायला आतला स्क्रू फिरवा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ड्राइव्ह चार दिवस चालतो आणि मग कायमचा जातो. दुरुस्तीपेक्षा दुसरा ड्राइव्ह स्वस्त पडतो.

मधल्या भोकापासून तडा गेलेली डिस्क संगणकात घालूच नका. त्या वेगात ती आत फुटते, डिस्कही जाते आणि ड्राइव्हही.

आणि डिस्क जगात एकच असेल, म्हणजे आजोबांचं कीर्तन, गेलेल्या माणसाचा आवाज, तर दोन ड्राइव्हवर प्रयत्न फसल्यावर तिसरा स्वतः करू नका. खालच्या बाजूचे चरे यंत्रावर घासून काढणारे आणि ध्वनिमुद्रणं वाचवायचं काम करणारे व्यावसायिक असतात. सोलापुरात नाही मिळाले तर पुण्या-मुंबईत शोधा. पण घासायला देण्याआधी जेवढी गाणी निघतात तेवढी उतरवून घ्या, कारण घासलेली डिस्क पूर्ववत होत नाही. वरच्या छापाच्या बाजूचा चरा घासून भरत नाही, त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

देताना सोबत एक चिठ्ठी द्या: कोणत्या गाण्याला कोणत्या सेकंदाला अडतं, कोणत्या मॉडेलचे ड्राइव्ह वापरून झाले, काय काय लावून पुसलं. ईएसीच्या रिपोर्टची प्रत द्या. डिस्क कडक डबीत घाला, पाकिटात नको, आणि शक्य असेल तर कुरिअरऐवजी स्वतः घेऊन जा.